चावडीवरचं शेंगोळ्यांचं चित्र

ज्या काळाची मोजदाद कुणी ठेवली नाही, त्या काळातली ही गोष्ट. मुलांनो, ऐका. आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथली जमीन मुरमाड आणि पाऊस लहरी. तरी कुणी उपाशी झोपत नसे. त्या उतारांवर नाचणी, वरई, हुलगे आणि अंबाडी फारसे लाड न करताही उगवत, आणि लोक तेच आनंदाने रांधून खात.

तिथल्या राजाला खाण्याचा शौक होता. आपण काय खातो हे साऱ्यांना कळावं, हा शौक त्याहून मोठा. त्याने समुद्रापलीकडून आचारी आणले होते. केशर, पिस्ते, गुलाबपाणी यांचे तांडेच्या तांडे राजवाड्यात येत. प्रत्येक मेजवानीचं चित्र काढायला सारजा नावाची एक चितारीण होती, आणि चित्राखाली वर्णन लिहायला भिवाजी नावाचा लेखनिक.

सारजाच्या हातात जादू होती. खिरीवरचा चांदीचा वर्ख ती असा रंगवी की कापड चमकू लागे. भातावरची वाफ अशी काढी की बघणारा नकळत हात पुढे करी. भिवाजीही शब्दांना कमी पडत नसे. एक पदार्थ त्याच्या लेखी अमृताहून गोड, तर दुसरा स्वर्गातही न मिळणारा. खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे पदार्थ त्याने चाखलेही नव्हते.

ही चित्रं गावोगावच्या चावडीवर टांगली जात. लोक येता-जाता त्यांच्याकडे बघत आणि मग घरी जाऊन आपल्या ताटाकडे बघत.

एकदा नवं चित्र घेऊन दोघं खडकमाळ नावाच्या गावी गेली. चित्र टांगून झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शेजारच्या घरातल्या धुरपदाबाईने त्यांना जेवायला बोलावलं. धुरपदाबाई विधवा होती. दोन लेकरं आणि डोंगरउतारावरचा एक तुकडा, एवढाच तिचा संसार.

तिने पानात पांढरा भात वाढला. वर गुळाचं पाणी, आणि त्यात रंगासाठी चिमूटभर हळद. भात पार मऊ, गिचका झाला होता. चावडीवरच्या चित्रातला केशरभात करायची तिची धडपड सारजाच्या लगेच लक्षात आली. दारापाशी लेकरं उभी होती आणि एकटक पानांकडे बघत होती.

तेवढ्यात सारजाला कसलासा वास आला. लसणाचा, तेलाचा, भाजलेल्या हुलग्याचा. कोपऱ्यात एक टोपली उपडी घातली होती आणि वास तिच्याखालून येत होता.

"त्या टोपलीखाली काय आहे हो?" तिने विचारलं.

धुरपदाबाईचा चेहरा उतरला. "काही नाही बाई. आमचं आपलं गरिबाचं. तुमच्यासमोर ठेवण्याजोगं नाही."

"बघू तर द्या."

धुरपदाबाईने नाइलाजाने टोपली उचलली. खाली मडक्यात हुलग्याचे शेंगोळे होते. पीठ हातावर वळून, लसूण-मिरचीच्या रश्श्यात शिजवलेले. दाटसर, तांबूस, अजून गरम.

"मग हा भात कशासाठी केलात?"

"चावडीवर चित्र बघतो ना बाई. पाहुण्यांना हेच द्यायचं असतं, असं कळलं आम्हाला. आता गावात हुलगे कुणी पेरतही नाही. लोक हसतात. मी यंदा उतारावर भाताच्या साळी लावल्या, पण साळी काही आल्या नाहीत. घरात शेवटचे हुलगे होते, तेच आज लेकरांसाठी रांधले."

 सारजाचा घास तोंडातच फिरू लागला. कुणाचं वाईट व्हावं म्हणून तिने कधी कुंचला उचलला नव्हता. पण तिच्या चमकत्या कापडांनीच या बाईला स्वतःचं मडकं झाकायला लावलं होतं.

तिने पान बाजूला सारलं आणि मडकं पुढे ओढलं. "हे वाढा. लेकरांनाही बोलवा. आपण सगळे हेच खाऊ."

जेवण झाल्यावर तिने रंग काढले. तिने ते मडकं रंगवलं. त्याचा काजळीने काळा झालेला काठ, रश्श्यावरची तेलाची तांबडी किनार, पीठ वळताना उमटलेले बोटांचे ठसे. काहीही सजवलं नाही.

चित्र पुरं झाल्यावर ती म्हणाली, "भिवाजी, आता तू लिही."

भिवाजी लेखणी घेऊन कापडापुढे बसला. अमृत, स्वर्ग, परमानंद, त्याचे सगळे नेहमीचे शब्द या मडक्यासमोर पोकळ वाटत होते. शेवटी त्याने आणखी एक शेंगोळा खाल्ला, डोळे मिटले, आणि मग लिहिलं, 'हे खाल्लं की दुपारभर भूक लागत नाही आणि पावसात भिजलेल्या माणसाला तासाभरात ऊब येते. खडकमाळच्या धुरपदाबाईने रांधले.'

ते चित्र त्यांनी राजाच्या केशरभाताशेजारीच टांगलं.

आधी लोक हसले. "आपले शेंगोळे, आणि चित्रात?" असं म्हणत जो तो बघायला येऊ लागला. मग कुणीतरी खालचं नाव मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी वळून धुरपदाबाईकडे पाहिलं. तिने पदर सावरला आणि ती ताठ उभी राहिली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "धुरपदा, आमच्या घरी थोडे हुलगे उरलेत. देऊ का बियाण्याला?"

तिथून ही बातमी डोंगर ओलांडून गेली. दुसऱ्या गावचे लोक वाटेत आडवे येऊ लागले. "आमच्या गावी या. आमच्या वरईच्या भाताला तोड नाही." तिसऱ्या गावच्या बायका म्हणायच्या, "आमची जवसाची चटणी न खाता पुढे गेलात तर बोलणार नाही आम्ही." सारजा आणि भिवाजी गावोगाव फिरली. चुलीपाशी बसून जेवली, मग चित्र काढलं, मग लिहिलं. चाखल्याशिवाय लिहायचं नाही आणि रांधणारीचं नाव सोडायचं नाही, हा दोघांनी नेम केला.

हे राजाच्या कानावर गेलं. त्याने दोघांना दरबारात उभं केलं.

"आमच्या पक्वान्नांच्या शेजारी तुम्ही शेंगोळे आणि चटण्या टांगता?"

"हो महाराज," सारजा म्हणाली. "तेही याच राज्याचं अन्न आहे."

"हुकूम देऊन मी ती चित्रं आत्ता जाळू शकतो."

"होय महाराज."

राजा हसला. त्याला स्वतःच्या ताटाची फार खात्री होती. "पण मी जाळणार नाही. लोकच ठरवतील. येत्या उत्सवाला मैदानाच्या एका बाजूला माझी मेजवानी मांडू, सगळ्या रयतेसाठी खुली. दुसऱ्या बाजूला तुम्ही तुमची मडकी मांडा. लोक माझ्याकडे आले, तर तुमची चित्रं तिथेच तुमच्या हाताने आगीत टाकायची. पुन्हा कुंचला हातात धरायचा नाही आणि लेखणीही नाही."

भिवाजी एक पाऊल मागे सरला. सारजा म्हणाली, "मान्य आहे."

खरी अडचण पुढेच होती. गावोगावच्या बायका एकेक कारण सांगून मागे सरू लागल्या. धुरपदाबाईसुद्धा म्हणाली, "चित्रात ठीक आहे बाई. पण राजासमोर मडकं घेऊन कोण बसणार? सगळ्यांसमोर हसं होईल."

"मी बसते तुमच्या शेजारी," सारजा म्हणाली. "हसतील तर दोघींना हसतील."

धुरपदाबाईने विचार केला आणि मडकं डोक्यावर घेतलं. ती निघाली म्हणून बाकीच्याही निघाल्या.

उत्सवाचा दिवस उजाडला. मैदानाच्या एका अंगाला रेशमी कनाती, चांदीची ताटं, वर्ख लावलेल्या मिठायांचे डोंगर. उंच मंचावर राजा, आणि त्याच्या शेजारी वयाने वाकलेली राजमाता. दुसऱ्या अंगाला तीन दगडांच्या चुली, मडकी आणि पळसाची पानं. मध्ये अवघं राज्य लोटलेलं.

पण कुणीच हलेना. चांदीच्या ताटाला हात लावायची भीती वाटे, आणि मडक्याकडे जायची लाज. चारचौघांच्या देखत आपली गरिबी कोण दाखवणार?

चुलींपाशी बसलेल्या बायका माना खाली घालू लागल्या. एकीने तर मडक्यावर झाकणही ठेवलं.  तेव्हा सारजा उठली, मैदानाच्या मधोमध जमिनीवर बसली, पान मांडलं आणि धुरपदाबाईला म्हणाली, "वाढा." आणि हजारो डोळ्यांसमोर ती एकटी जेवू लागली.

ते बघून भिवाजीच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. आयुष्यभर खाली मान घालून लिहिणारा तो माणूस एका बैलगाडीवर चढला आणि खड्या आवाजात बोलू लागला. हातात कागद नव्हता. सगळं त्याने खाल्लेलं होतं, म्हणून सगळं लक्षात होतं.

"खडकमाळचे शेंगोळे. रांधणारी धुरपदाबाई."

गर्दीत चुळबुळ झाली. खडकमाळची माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपल्या गावाचं नाव, राजाच्या मैदानात, एवढ्या मोठ्याने. आधी एक जण पुढे आला, मग सगळा गाव येऊन सारजाच्या ओळीत बसला.

"पिंपळदऱ्याचा वरईचा भात. रांधणारी साळूबाई."

पिंपळदरा उठला. शेजारच्या पानातले शेंगोळे बघून त्यांनीही मागितले आणि आपला भात खडकमाळला वाढला. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक गाव उठत होतं. झाकलेलं मडकं त्या बाईने स्वतःच उघडलं.

"साळदऱ्याची अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. रांधणारी बयना."

मंचावर राजमाता एकदम ताठ झाली. "काय म्हणाला तो? परत सांगायला सांगा."

भिवाजीने परत सांगितलं. राजमाता उठली आणि काठी टेकत पायऱ्या उतरू लागली.

"आईसाहेब, कुठे निघालात?" राजाने विचारलं.

"जेवायला," ती म्हणाली.

गर्दीने वाट करून दिली. राजमाता बयनाच्या चुलीपुढे मांडी घालून बसली.  राजमातेने कण्यांवर भाजी घेतली, घास तोंडात घातला, आणि बराच वेळ चावत राहिली.

"लसूण जरा जास्त जाळलास गं," ती म्हणाली.

बयनाला कुठे तोंड लपवू असं झालं.

"असाच जाळायचा असतो. माझी आई असाच जाळायची." राजमातेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "साळदरा माझं माहेर. या वाड्यात आल्यापासून मी हे कधी मागितलं नाही. सून होते तेव्हा लाज वाटली, आणि सासू झाले तोवर गप्प राहायची सवय झाली."

राजा मंचावर एकटाच उरला. समोर चांदीची ताटं भरलेली होती आणि एकही माणूस नव्हता.  त्याने मुकुट काढून आसनावर ठेवला, खाली आला आणि आईशेजारी बसला.

बयनाने त्याला वाढलं. तो जेवला. त्याने पान पुसून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आई, हे मला कधी दिलं नाहीस."

"तू मागितलं नाहीस. आणि तुला ठाऊक नव्हतं, तो दोष माझा."

राजाने सारजाकडे पाहिलं. "तू जिंकलीस. काय हवं ते माग."

"महाराज, ही चित्रं राजवाड्याच्या भोजनगृहात लागावीत. आणि प्रत्येक चित्राखाली रांधणाऱ्याचं नाव असावं. तुमच्या आचाऱ्यांचंसुद्धा."

हे ऐकून समुद्रापलीकडून आलेला मुख्य आचारी पुढे झाला. चाचरत म्हणाला, "आमच्या गावी मसुरीचं एक साधं कालवण करतात. इथे कुणी कधी मागितलं नाही. एक चूल मिळेल का?"

धुरपदाबाईने सरकून आपली चूल त्याला दिली. त्याने कालवण केलं, लोकांनी आवडीने खाल्लं, आणि भिवाजीने बैलगाडीवरून त्याच्या दूरच्या गावाचं आणि त्याचं नाव तितक्याच खड्या आवाजात पुकारलं. सारजाने तिथेच बसून त्या कालवणाचं चित्र काढलं. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत ते मैदान जेवत होतं, हसत होतं, एकमेकांना आग्रह करत होतं.

त्या पावसाळ्यात उतारांवर पुन्हा हुलगे, नाचणी आणि अंबाडी डोलू लागली. पुढे एका वर्षी पाऊस रुसला. आसपासच्या राज्यांतली भातशेती करपली, पण इथल्या घरांत मडकी भरलेली होती. शेजारचे राजे बियाणं मागायला आले. त्यांना राजाने आधी भोजनगृहात नेलं, एकेका चित्राखालचं नाव वाचून दाखवलं, आणि मग पंक्तीला बसवून स्वतःच्या हाताने शेंगोळे वाढले.

तात्पर्य : जे अन्न आपल्याला रोज जगवतं, त्याचं आणि ते रांधणाऱ्याचं नाव अभिमानाने घ्यावं, म्हणजे जगही त्याला मान देतं.