बेहड्यावरचे आगामी कार्यक्रम

त्या राज्यात विद्यापीठ एकाच झाडात भरत असे, आणि त्या झाडावर कुठला ना कुठला कार्यक्रम कायम व्हायचा असे. झाड बेहड्याचे होते, जुने आणि प्रचंड. बुंध्याशी सशांचे वर्ग, मधल्या ढोल्यांत घुबडांचे ग्रंथालय, वर वानरांचा क्रीडा विभाग. शिकणारे शिकत, शिकवणारे शिकवत; पण खरी लगबग असे ती खोडावर लागणाऱ्या पानांपाशी. पळसाच्या पानावर कार्यक्रमाचे नाव, तिथी, उद्घाटक, अध्यक्ष आणि आभार मानणारा, हे सगळे कोरायचे आणि ते पान बाभळीच्या काट्याने खोडात ठोकायचे. पान लागले की सगळ्यांच्या जिवाला बरे वाटे. कार्यक्रम पुढे झाला का, किती जण आले, हे कोणी फारसे विचारत नसे. तोवर पुढचे पान आलेले असे.

पाने ठोकण्याचे काम सुतारीण नावाच्या पक्षिणीकडे होते. तिच्या आधी तिची आई तेच करत होती. कामाचे नियम दोनच. काटा नव्या भोकात मारायचा, कारण दुसऱ्याच्या जुन्या भोकात आपले पान लागणे हा उद्घाटकाला अपमान वाटे. आणि एकदा लागलेले पान उतरवायचे नाही. फार पूर्वी एका मोराच्या नृत्यमहोत्सवाचे पान कोणी काढले, तर त्याने तीन ऋतू अबोला धरला. तेव्हापासून त्या भानगडीत कोणी पडले नव्हते. त्यामुळे बेहड्याची साल कशी दिसते हे आता कोणालाच आठवत नव्हते.

सुतारीण मात्र झाड कानाने ओळखे. कंठसंगीत स्पर्धेचे पान ठोकताना तिला पहिल्यांदा आवाज वेगळा लागला. टक् ऐवजी ढब् झाले, आणि ते ढब् दूरवर गेले. कुलगुरू धनेश डोलत बाहेर आले. त्यांच्या चोचीवर दुसरी चोच ठेवल्यासारखे शिंग होते, आणि मान हलवली की ते आधी हले. "वा! नदीपलीकडं ऐकू गेलं असेल हे. विद्यापीठाचा आवाज वाढतोय," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात शेवाळ्याची शाल आणि आवळा देऊन त्यांनी सुतारिणीचा सत्कार केला. अर्थात त्याचेही पान तिलाच ठोकावे लागले.

सत्कारानंतर तिने हळूच एका भोकात चोच घालून पाहिली. आतून ओला भुसा आला. इतक्या वर्षांच्या भोकांतून पावसाचे पाणी मुरत गेले होते, आणि लाकूड आतल्या आत कुजून गेले होते. त्याच खोडात वर तिचे घरटे होते आणि त्यात दोन पिल्ले होती, डोळे नुकते उघडलेली. ती पौर्णिमेच्या आत उडणार नव्हती. बाप पिल्ले अंड्यात असतानाच ससाण्याच्या तावडीत सापडलेला. पिल्लांना अलगद उचलून शेजारच्या झाडावर नेणे सुतारिणीच्या चोचीला जमणारे नव्हते. ती चोच भोसकायलाच घडलेली. त्याला हात लागतात, आणि हात होते फक्त वानरांना.

ती वानरांकडे गेली. ते स्नेहसंमेलनाच्या तालमीत होते. त्यांचा म्होरक्या मनाने वाईट नव्हता.

"बाई, आत्ता उचललं असतं. पण समितीचा ठराव नसताना हात लावला, तर उद्या आम्हालाच विचारतील. ठराव आणा, बघा कसे पळत येतो," तो म्हणाला. "आणि आमचं पान तेवढं दर्शनी जागी लावा हं."

चतुर्थीला कार्यक्रम समितीची सभा होती. सुतारीण न बोलावता आत शिरली.

"सर, झाड पडतंय."

"पडतंय म्हणजे नेमकं कधी?" धनेशांनी विचारले.

"द्वादशीच्या पुढं टिकत नाही. माझी पिल्लं उडणार पौर्णिमेला. मधल्या तीन दिवसांत ती मरतील, सर. तुम्हीही सगळे उतरा, पण त्यांना आधी उतरवा. वानरांना नुसतं हो म्हणा."

"हे लेखी द्या," समितीची सचिव साळुंकी म्हणाली, आणि सुतारिणीने तिथल्या तिथे लेखी दिले. अर्ज वाचताना साळुंकीचे डोळे खरोखर भरून आले. सभेत कोणी तिची टर उडवली नाही, कोणी खोटे ठरवले नाही. सगळे फार वेळ गंभीर होते. विषय महत्त्वाचा असल्याने त्यावर सर्व विभागांचे चर्चासत्र घ्यावे आणि वानरांबाबतचा ठराव चर्चासत्राच्या समारोपात मांडावा, असे एकमताने ठरले. तिथी मागाहून कळवणार होते.

मधल्या दिवसांत पाने येतच राहिली. हस्ताक्षर स्पर्धा, रानमेवा महोत्सव, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. सुतारिणीने एकही नाकारले नाही. आपण नाकारले तर दुसऱ्या कोणाला देतील, आणि त्याला कुठे लाकूड उरले आहे हे कळणार नाही, म्हणून ती स्वतःच तासन्‌तास खोडाला कान लावून जरा बरी जागा शोधे आणि तिथे काटा मारे. प्रत्येक घावाला तिचा जीव तुटे. वर पिल्लांना तो आवाज ओळखीचा होता; आई आली असे वाटून ती चोची उघडत.

एकादशीला सकाळी साळुंकी दोन पाने घेऊन आली.

"हे चर्चासत्राचं. 'बेहड्याची पोकळी : शक्यता आणि आव्हाने'. वद्य तृतीयेला."

सुतारिणीने तिथी दोनदा वाचली. "साळुंकीबाई, तोवर झाड नसेल."

"उद्घाटनाला करकोचा येणार ना उत्तरेकडून. तो त्याआधी पोचतच नाही. आम्ही खूप विनंती केली हो." साळुंकीने दुसरे पान पुढे केले, अगदी जपून. "आणि हे त्रयोदशीचं. शोकसभा."

"कोणाची?"

"तुमच्या अर्जातलीच तिथी धरली आहे, म्हणजे चूक नको. सगळ्या विभागांना सुट्टी दिलीय. वानरंसुद्धा येणार आहेत, फुलं घेऊन." तिने पानावरची कोरी ओळ दाखवली. "नावांची जागा मोकळी ठेवलीय. पिल्लांची नावं तेवढी सांगा."

सुतारपक्ष्यांत पिल्लू पहिल्यांदा उडाले की मगच त्याचे नाव ठेवतात. आयुष्यात पहिल्यांदा सुतारिणीने न ठोकता पान सोडून दिले आणि ती वर झेपावली. घरट्यात शिरून तिने थोरल्याला चोचीत धरून पाहिले. ते कळवळले, त्याच्या मानेवर रक्ताचा थेंब आला, आणि तिने त्याला घाईघाईने खाली ठेवले. मग ती ढोलीच्या तोंडाशी बसून वानरांना हाका मारू लागली, ठरावाशिवाय, नुसत्या हाका. खाली तालीम रंगात आली होती.

शोकसभेचे ते पान गिरक्या घेत बुंध्याशी पडले होते. खारींनी ते वाचले. एकमेकींना दाखवले. मग एकेक खार वाळकी पाने घेऊन आली आणि झाडाखाली, बरोबर त्या घरट्याच्या खाली, पुढच्या रांगेतल्या जागा धरू लागली.