उलटा राजवाडा

"माझा राजवाडा डोक्यावर उभा!" श्रीमंत भुजंगराव महाराज दुर्बिणीतून डोळा काढून ओरडले. "आणि तो निशाणवाला त्याला पाय वर करून लोंबकळतोय! बेड्या घालून आणा त्याला इथे!"

झालं होतं असं. अवघ्या मुलखाची मोजणी करून नकाशा काढणारे साहेब निंबोडी संस्थानात आले होते. त्यांनी टेकडीवर दुर्बीण उभी केली, आणि नेम धरायला जोत्या नावाच्या गड्याला निशाण देऊन समोरच्या राजवाड्याच्या गच्चीवर पाठवलं. महाराजांना दुर्बिणीत डोकवायची हुक्की आली. राजेच ते, हौसेला काय तोटा!

"मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, सरकार," साहेब म्हणाले. "मापाला ते काही बाधत नाही."

"म्हणजे नकाशातही माझं राज्य उलटं येणार! ऐकलंत, दिवाणजी?"

"ऐकलं, हुजूर! घोर अपमान!" महाराज नुसते शिंकले असते तरी दिवाण हेच म्हणाले असते.

लगेच हुकूम सुटला. दिवस मावळायच्या आत दुर्बिणीत राजवाडा सुलटा दिसला पाहिजे, नाहीतर मोजणी बंद आणि जोत्या अंधारकोठडीत! साहेबांनी हात जोडले, "यंत्राला मात्र कुणी हात लावू नका. जरा हललं तर सगळी मेहनत वाया."

मग विद्वान कामाला लागले. शास्त्रीबुवांनी दुर्बिणीची ग्रहशांती केली. दिवाणांनी तर राजवाडा पाडून उलटा बांधायचंच सुचवलं. केवढी ती बुद्धी! राजवाडा मात्र डोक्यावर उभा तो उभाच.

उन्हं कलली. साहेबांच्या छावणीत पाणी भरणारी बायजा, जोत्याची बायको, पुढे झाली. नवऱ्याच्या हातातल्या बेड्या बघून तिचा जीव तीळतीळ तुटत होता, पण जीभ शाबूत होती. "म्हाराज, मला एक बाज द्या. वाडा सुलटा करून दावते."

बाज आली. तिनं ती दगडांवर ठेवून दुर्बिणीइतकी उंच केली. "आता म्हाराजांनी उताणं निजावं. डोकं दुर्बिणीकडं, बाजंच्या भाईर लोंबतं."

"हुजुरांनी लोंबायचं?" दिवाण किंचाळले.

"येंत्र हलवायचं न्हाई, वाडा हलत न्हाई. मग हलायला उरलं कोण, दिवाणजी?"

महाराज कुरकुरत निजले. पगडी गडगडत गेली, डोळा दुर्बिणीला लागला.

"सुलटा! अगदी सुलटा! काय हो दिवाणजी, हे तुम्हाला का नाही सुचलं?"

"त्यांचं काय चुकलं, म्हाराज?" बायजा म्हणाली. "उठता-बसता मुजऱ्याला वाकलेला मानूस. त्यांना उलटं-सुलटं कळावं कसं?"

महाराज खो खो हसले, तेही उताणेच. जोत्याच्या बेड्या निघाल्या, बायजेला जरीचं लुगडं मिळालं, आणि ही टेकडी नकाशात 'बायजेची टेकडी' म्हणूनच दाखवा, असं साहेबांना बजावलं गेलं. तरी महाराजांच्या मनात धाकधूक होतीच.

"काय गं बायजे, नकाशा तरी सुलटा येईल ना?"

"आलाच उलटा, तर बाज हाय की, म्हाराज!"