माणिकशेठची चकाकी

माणिकशेठ कासार म्हणजे गावातले पितळी भांड्यांचे मोठे व्यापारी आणि शाळेचे विश्वस्त. विज्ञान प्रदर्शनासाठी केतकीने जुने सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार केला होता. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, तेवढा बसवायचा राहिला होता. तिच्याकडे सारखेच दोन होते. शेठनी नाक मुरडलं.

“किती खरबरीत हा! एक दे, दुकानात घासून आणतो. त्याशिवाय हे यंत्र प्रदर्शनात जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चकचकीत हीटसिंक सगळ्या वर्गासमोर धरला. “हा बसव.”

केतकीने दोन्ही हीटसिंक टेबलाच्या काचेवर ठेवले आणि बोटाने त्यांच्या कडा दाबून पाहिल्या. न घासलेला ढिम्म राहिला. शेठचा डुगडुगला, कारण हाताने घासताना त्याच्या कडा जास्त झिजल्या होत्या.

“डुगडुगेना का!” शेठ म्हणाले. “तोंड कसं लख्ख दिसतंय, ते बघ की.”

“दिसतंय ना, शेठ. पण प्रोसेसरला तोंड बघायचं नाही, नीट टेकायचं आहे.”

शेठनी आपला हीटसिंक उचलला, त्यात बघून टोपी सारखी केली आणि म्हणाले, “दुसरा बसव.”