मगदूम शेठची सही

इचलकरंजीत हेवी मेटल ऐकणार कोण? गेल्या वर्षी शमा मोमीनच्या महोत्सवाला मोजून सत्तावीस पोरं आली होती. म्हणून यंदा तिनं सुट्टीच्या दिवशी यंत्रमाग कामगारांना फुकट बोलावलं आणि हॉल गच्च भरला. गिटार कडाडली. कामगार मजेत माना डोलवायला लागले.

तेवढ्यात कानांवर हात दाबत मगदूम शेठ आत घुसले. हॉल त्यांचा, अन् कामगारही त्यांच्याच कारखान्यातले.

“बंद करा! असल्या आवाजात माणूस दहा मिनिटांत बहिरा होईल!”

शमानं बँड थांबवला. “एवढं लिहून द्या शेठ, लगेच गाशा गुंडाळते.”

शेठनी झोकात लिहून सही ठोकली.

शमानं आवाज मोजायचं मीटर पुढं धरलं. “काल कामावर येताना अब्बांनी हे डब्याच्या पिशवीतून तुमच्या कारखान्यात नेलं होतं. तिथला आवाज इथल्यापेक्षा जास्त भरला. अन् तिथं ही माणसं रोज बारा तास उभी असतात. आता तुमचा हा कागद दाखवून आधी काय बंद करू? हॉल की कारखाना?”

शेठ पांढरे पडले, काहीतरी पुटपुटले.

पहिल्याच रांगेतून शमाचे अब्बा कानामागं हात धरून म्हणाले, “जरा मोठ्यानं बोला शेठ, मला ऐकू येत नाही.”