मोहाखालची झोळी

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते विचारू नका. सांगणाऱ्याच्या आजोबांनाही ते ठाऊक नव्हतं.

एका जंगलात एक गाव होतं. गावाचं सगळं पोट मोहाच्या फुलांवर. घरटी एक झाड वाटून दिलेलं. फुलं गळू लागली की ती वेचायची, वाळवायची आणि बाजारात देऊन मीठ-कापड आणायचं. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून बहराआधी जो तो आपल्या झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा. जमीन मोकळी झाली की वेचायला सोपं! दरसाल बुंधे भाजून निघायचे आणि दरसाल एखादं जुनं झाड कोसळायचं. लोक हळहळायचे, आणि पुढच्या साली पुन्हा आग लावायचे.

त्या गावात एक एकटी बाई राहायची. तिच्या झाडाचा बुंधा आगीने पोखरला होता. आणखी एक आग त्याला सोसणार नाही, हे तिला दिसत होतं. झाड गेलं की तिची चूल विझली.

ती गावप्रमुखाकडे गेली. म्हणाली, "मी आवंदा पाचोळा जाळत नाही."

"मंग फुलं वेचशीन कशी?" म्हातारा प्रमुख हसला. "रिवाज ध्यानात आहे न? शेजाऱ्याहून रास कमी भरली, तं झाड शेजाऱ्याचं."

"ध्यानात आहे," बाई म्हणाली आणि घरी येऊन कामाला लागली.

तिने अंबाडीच्या सुतळीचं जाळं विणलं आणि चार खुंटांना बांधून झाडाखाली झोळीसारखं टांगलं. पहिल्याच सकाळी अर्धी फुलं भोकांतून खाली पाचोळ्यात गेली.

"मासे धरतेस का वं?" शेजारी ओरडला. सारं गाव खो खो हसलं.

बाईला रडू आलं. रडून झाल्यावर तिने जाळं उसवलं आणि बारीक विणीचं केलं. मग ओझ्याने एक कोपरा फाटला. तिने आणखी दोन खुंट ठोकले. त्यानंतर मात्र एक फूल खाली पडेना, आणि वाकून वाकून वेचण्यात जाणारी सकाळही वाचली.

बहर संपला. राशी मोजायला गाव जमलं. शेजाऱ्याच्या नऊ टोपल्या भरल्या, बाईच्या आठ. शेजारी तिच्या झाडाकडे बघून मिशांतल्या मिशांत हसला.

बाई जागची हलली नाही. "फुलं मोजता का राख?" तिने विचारलं. "दोन्ही राशी पाखडा, मंग मोजा."

बायकांनी सुपं घेतली. शेजाऱ्याच्या राशीतून राख उडाली, खडे निघाले, जळक्या काटक्या निघाल्या. उरल्या सात टोपल्या. बाईच्या आठाच्या आठ राहिल्या. झाड तिचंच राहिलं.

बाजारात तर नवलच झालं. गावाचा मोह आजवर गुरांच्या आंबोणात जायचा. बाईची स्वच्छ, सोनेरी फुलं हलवायाने लाडवांसाठी घेतली आणि दुप्पट मीठ-कापड दिलं.

पावसाळा सरला. बाईच्या झाडाखाली, न जळालेल्या पाचोळ्यातून, पाच-सहा रोपं वर आली. लोक भोवती जमले. हे कसलं रोप, कोणालाच सांगता येईना. प्रमुख काठी टेकत आला. त्याने वाकून पानं चाचपली, मान वर करून झाडाची पानं पाहिली.

"मोहाचं आहे," तो हळूच म्हणाला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस मोहाचं रोप आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. त्याचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं आपणच जाळत होतो रे."

पुढच्या बहराआधी गावात कोणी आग लावली नाही. घरोघरी जाळी विणली गेली, आणि पहिली वीण शिकायला शेजारी बाईच्या दारात बसला होता.

जंगल राखून त्याचं देणं घ्यायची युक्ती जो शोधतो, त्याच्या घरी सुबत्ता येते आणि जंगलही उरतं.