दाखला दाखवणारे हात

समुद्रकाठच्या एका गावात हलिमा नावाची एक सिद्दी बाई राहायची. गावाचं नाव खारबंदर. हलिमाचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेहून गलबतांतून इथे आले आणि इथलेच झाले. रंग तेवढा तिकडचा राहिला. बाकी भाषा इथली, जेवण इथलं, भांडणंसुद्धा इथलीच. हलिमा गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळेने बुजवायची. तिचा हात फिरलेलं गलबत गळत नाही, असं खलाशी सांगत.

बंदरातून बाजारात जायचं तर वेशीतून जावं लागे, आणि वेशीवर पहारा असे. पहारेकऱ्याला संशय आला तर त्याने कोणालाही थांबवून रहिवासाचा दाखला मागावा, असा नियम होता. नियमात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता. पण संशय यायचा तो सिद्द्यांचाच. मासळीची पाटी घेतलेली कोळीण, धोतर सावरत निघालेला व्यापारी, परगावचा डोंबारीसुद्धा सरळ आत जाई. हलिमाचा जन्म याच गावातला, तरी तिला दाखल्याची पिशवी कमरेला बांधून फिरावं लागे.

त्या उन्हाळ्यात वेशीवर मुबारकचाचांना अडवलं. चाचा सत्तरीचे. पाण्याखालच्या खडकांमधून वाट काढत त्यांनी चाळीस वर्षं परगावची गलबतं सुखरूप बंदरात आणली होती. त्या दिवशी सदरा बदलताना दाखला घरी राहिला. पहारेकरी नवा होता. तो म्हणाला, "कोणीतरी दाखला आणून देईपर्यंत इथेच उभं राहायचं. जागचं हलायचं नाही."

हलिमा तेव्हा तिथूनच चालली होती. ती म्हणाली, "अरे, यांना सारं बंदर ओळखतं."

"तुझा दाखला दाखव आणि पुढे हो," पहारेकरी म्हणाला.

हलिमाने दाखला दाखवला आणि ती पुढे झाली. घरचं कोणी ना कोणी येईलच, असं तिला वाटलं. पण घरी कोणाला पत्ताच नव्हता. चाचा उन्हात उभे राहिले. त्यांनी दोनदा पाणी मागितलं, ते मिळालं नाही. दुपारी ते कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत.

वेशीवरच्या चौकीच्या वहीत नोंद झाली, 'वार्धक्याने मृत्यू'. चाचांची नात सकिना सिद्दीवाड्यातल्या शाळेत शिकवायची. ती नोंद तिने स्वतः वाचली. त्यानंतर सहा महिने सकिना आणि हलिमा कारभाऱ्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जात राहिल्या. "चौकशी चालू आहे," एवढंच उत्तर मिळे. हलिमा हातातलं काम करता करता मध्येच थांबायची. आपण त्या दिवशी मागे फिरलो असतो तर, हा विचार तिला काही सोडत नव्हता.

मग निवडणूक आली. खारबंदरचा कारभारी दर पाच वर्षांनी लोक मतं देऊन निवडत. या खेपेला दोघे उभे होते. एक जुना कारभारी. दुसरे भार्गवमास्तर. मास्तरांनी निम्म्या गावाला अक्षरं शिकवली होती. गोरगरिबांसाठी भांडणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. सिद्दीवाडाही त्यांनाच मानायचा. "सगळ्यांचं गाव, सगळ्यांचा कारभार" ही त्यांची घोषणा.

सकिना आणि हलिमा मास्तरांच्या प्रचारप्रमुखाकडे, बाबूशेठकडे गेल्या. म्हणाल्या, "सभेत आम्हाला थोडं बोलू द्या." बाबूशेठ गोड बोलत. त्यांनी पहिल्या सभेला सांगितलं, पुढच्या सभेत बघू. दुसऱ्या सभेला सांगितलं, वेळ संपली. तिसरी सभा सगळ्यांत मोठी होती. त्या सभेच्या सकाळी हलिमा सकिनाला म्हणाली, "आज विचारत बसायचं नाही. आज चढायचं."

वाड्यातले म्हातारे हसनभाई घाबरले. "अगं, चढायचंच तर कारभाऱ्याच्या सभेत चढा. मास्तर आपला माणूस."

"कारभारी आपला नाहीच," हलिमा म्हणाली. "त्याच्याकडे काय मागायचं? जो आपला म्हणवतो, त्यालाच विचारायचं."

बाजारपटांगणात दोन हजार माणसं जमली होती. मास्तर बोलायला उभे राहिले. पाण्यावर बोलले, रस्त्यांवर बोलले. वेशीचं नाव नाही, चाचांचं नाव नाही. हलिमा उठली. तिच्यामागे सकिना. कार्यकर्त्यांनी आडवे हात घातले, पण ओली दोरखंडं ओढून कमावलेले हलिमाचे खांदे त्यांना आवरले नाहीत. दोघी व्यासपीठावर गेल्या.

"हलिमाबाई, हे काय?" मास्तर म्हणाले. "मी तुमच्यासाठीच भांडतोय ना?"

"म्हणूनच आलोय, मास्तर. मुबारकचाचा उन्हात मेले, त्याला सहा महिने झाले. तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत."

पटांगणात गलका झाला. खाली उतरा, खाली उतरा. कोणी म्हणालं, चांगल्या माणसाच्या सभेचा विचका केला. कोणी शिट्ट्या मारल्या. आणि मधूनच एक आवाज आला, "इथे पटत नसेल तर जा आपल्या देशात."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि हलिमा गर्दीकडे वळली.

"माझा देश कोणता ते कागदावर लिहिलंय," ती म्हणाली. "कागद माझ्या कमरेला आहे. आता तुम्ही सांगा. आज घरातून निघताना ज्यांनी ज्यांनी रहिवासाचा दाखला बरोबर घेतला, त्यांनी हात वर करा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणाचाच हात वर होईना. मग पटांगणाच्या पार मागच्या कडेला, जिथे सिद्दी माणसं उभी होती, तिथे एक हात वर झाला. मग दुसरा. मग शंभरएक हात वर झाले. सगळे काळे. प्रत्येक हातात घड्या पडून मळलेला एक कागद. हसनभाईंचाही हात वर होता.

शिट्ट्या थांबल्या. दोन हजार माणसं माना वळवून मागे पाहत राहिली.

सकिना पुढे आली. "माझे आजोबा वार्धक्याने गेले नाहीत. त्यांना उन्हात उभं करून मारलं. मास्तर, निवडून आलात तर वेशीवर काय करणार, एवढंच सांगा."

बाबूशेठ मास्तरांच्या कानाशी लागले. "पहारेकऱ्यांची तीनशे घरं आहेत. सगळा बाजार त्यांच्या बाजूचा. काही बोलू नका." मास्तरांचा चेहरा उतरला होता. ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि कोणाकडे न बघता चालते झाले.

पुढचे तीन दिवस हलिमाला जड गेले. दोन गलबतवाल्यांनी तिचं काम काढून घेतलं. बाजारात लोक तिला टाळू लागले. वाड्यातलेही कुजबुजत, एक माणूस आपला होता, तोही हातचा गेला. सकिना रडली. हलिमाने तिला जवळ घेतलं.

चौथ्या दिवशी हलिमा बाजारात निघाली. वेशीवर नेहमीसारखी सिद्द्यांची रांग होती. रांगेत भार्गवमास्तर उभे होते.

त्यांची पाळी आली तेव्हा पहारेकरी गडबडला. "मास्तर, तुम्ही कशाला थांबलात? जा की."

"माझा दाखला नाही बघायचा?"

"तुम्हाला मी ओळखतो."

"आणि या हलिमाबाईंना नाही ओळखत? या रोज जातात इथून."

पहारेकऱ्याने मान खाली घातली. "माझ्याकडेही दाखला नाही," मास्तर म्हणाले. "कोणी आणून देईपर्यंत मी इथेच उभा राहतो." आणि ते रांगेतून बाजूला होऊन उन्हात उभे राहिले. हळूहळू गर्दी जमली. हलिमा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी इथून गेलो होतो, हलिमाबाई. चाचांना पाहिलं होतं. शाळेला उशीर होत होता. सभेत तुम्ही त्यांचं नाव घेतलंत तेव्हा राग आला, तो खरा माझाच मला आला होता."

हलिमाने त्यांच्याकडे पाहिलं. "मीही गेले होते," ती म्हणाली. "माझा दाखला दाखवून."

मग मास्तर म्हणाले, "परवाच्या सभेत पुन्हा व्यासपीठावर या. या वेळी मी बोलावतोय. आधी तुम्ही बोला, मग मी."

बाबूशेठ त्याच दिवशी त्यांना सोडून गेले. पण सभेला पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं आली. हलिमा बोलली. नंतर मास्तर उभे राहिले आणि वेशीवर जे तिला सांगितलं होतं, तेच त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. "मी पाहिलं आणि पुढे गेलो. मी निवडून येवो न येवो, चौकशीत ही साक्ष देणार."

मग बायकांच्या घोळक्यातून चंद्रा कोळीण उठली. "मीही पाहिलं होतं," ती म्हणाली. "चाचा पाणी मागत होते. माझ्या डोक्यावर भरलेली घागर होती." ती सकिनाकडे वळली. "मी साक्ष देते." तिच्यामागून एक हमाल उठला. मग एक शिंपी. मग पालखीचा एक भोई. सकिना नावं लिहून घेत होती. सभा संपेपर्यंत सत्तावीस साक्षीदार झाले.

मतमोजणी अटीतटीची झाली. बाजाराची बरीचशी मतं गेली, पण कोळीवाडा, हमालवाडा आणि सिद्दीवाडा एक झाला. मास्तर एकशे चार मतांनी निवडून आले. कारभार हाती घेताच पहिल्याच सकाळी त्यांनी वेशीवरचा दाखल्याचा नियम रद्द केला. मग चौकशी बसली. सत्तावीसच्या सत्तावीस साक्षी झाल्या, एकही माणूस मागे हटला नाही. चाचांना अडवणारा पहारेकरी आणि खोटी नोंद करून त्याला पाठीशी घालणारा चौकीचा प्रमुख नाईक, दोघांनाही शिक्षा झाली.

वहीतली जुनी नोंद गावासमोर दुरुस्त केली गेली. सकिनाने ती वेशीत उभं राहून वाचली. "मुबारक, वाट दाखवणारे खलाशी. पहाऱ्यावर उन्हात, पाण्यावाचून मृत्यू." एवढंच. ऐकायला सारं गाव उभं होतं. वाचून झालं तसा बंदरातल्या खलाशांनी शंख फुंकला. गलबतं येताना चाचांना बोलवायला ते फुंकत, तसाच. मग सिद्दीवाड्यात ढोल सुरू झाले आणि कोळीवाड्याने त्यांना साथ धरली.

दुसऱ्या दिवशी हलिमा पहिल्यांदाच दाखल्याची पिशवी घरी ठेवून बाजाराला निघाली. वेशीत आल्यावर सवयीने तिचे पाय थांबले. त्या जागी आलेला पहारेकरी दुसरीकडे बघत होता. तिला कोणीही थांबवलं नव्हतं. ती स्वतःशीच हसली आणि भर गर्दीतून, मोकळ्या हातांनी, वेस ओलांडून गेली.

तात्पर्य: अन्यायाचा जाब आपल्या माणसालाही भर सभेत विचारावा, आणि ज्याला तो विचारला त्याने राग गिळून उत्तर द्यायला परत यावं, न्याय या दोघांच्या धैर्याने मिळतो.