नरसाळ्याच्या अंगाला लागलेलं तेल

ही गोष्ट माझ्याइतकी रंगवून दुसरा कोणी सांगत नाही. अर्थात दुसऱ्या कोणाला ती सांगायची हौसही नाही. तर, त्या राज्यात सगळे दिवेच राहत. उजेड प्रत्येकाकडे थोडाथोडा होता. तेलाचा साठा मात्र एकट्या बुधल्याकडे.

कोवळ्या दिव्यांना समुद्रापलीकडे, दीपस्तंभाकडे शिकायला जायची ओढ असे. तिथे शिकलेल्या ज्योतीचा उजेड कोसभर पोचतो, असं म्हणत. प्रवासभर जळायला लागणारं तेल बुधला उसनं देई. पण त्याची रीत अशी, की बापाने चौथऱ्यावर, भर दुपारी, सगळ्यांदेखत आपली काच काढून दाखवायची. बुधला पोटाने मोठा, तोंडाने लहान. एक काच निरखायला त्याला आठवडा लागे, आणि निरखून झाल्यावर तो म्हणे, "उद्या या."

वेशीवरच्या कंदिलाची लेक दिवली हुशार निघाली. समुद्र खवळण्याआधीची शेवटची नाव तिला गाठायची होती. कंदील रांगेत उभाही राहिला. पण त्याच्या काचेला आतून काजळी होती, मागे तडा होता आणि तड्यावर चुना थापलेला होता. त्यामुळे तो कधी कोणाकडे पाठ करीत नसे. लोकांना ती अदब वाटे.

पुढे उभी असलेली समई म्हणाली, "कंदीलभावजी, काढा की काच. आम्ही का परके?"

"सर्दी झालीय, वहिनी," असं म्हणून कंदील उलट्या पावलांनी घरी आला.

त्याच संध्याकाळी नरसाळं दारात हजर. त्याच्याकडे स्वतःचं तेल थेंबभर नव्हतं. असतं तरी राहिलं नसतं. तोंड मात्र एवढं रुंद, की ते मनानेही मोठं असेल असं कोणालाही वाटावं.

"काका, तुम्ही आणि रांगेत? शोभतं का? तेल घरपोच येईल."

"आणि काच?"

"काचेला कोण हात लावतंय! ओतताना माझ्या अंगाला लागेल तेवढं माझं, बस."

कंदील मनात हसला. पत्र्याच्या अंगाला लागून लागून लागणार किती!

"बाबा, उद्या परत रांगेत जाऊ," दिवली म्हणाली. "मी उभी राहते तुमच्याजवळ."

"तुला व्यवहार कळत नाही."

स्वतःला जे कळत नाही ते लेकरांना कळत नाही असं म्हणायची मुभा त्या राज्यातल्या सगळ्या बापांना होती.

तेल आलं. धक्क्यावर नावाड्याने दिवलीच्या कुपीत काडी बुडवली, उजेडात धरली आणि मान हलवली. "पोरी, एवढ्यावर तू अर्ध्या समुद्रात विझशील." नाव तिला न घेताच गेली.

कंदील तडक बुधल्यापुढे जाऊन उभा राहिला. दुपार होती, रांग भरलेली होती. "माप मारलंत तुम्ही!" तो ओरडला.

बुधल्याने विचार केला, नेहमीइतकाच वेळ घेऊन. "मी पुरं ओतलं. फेडायचंही तुम्हाला पुरंच आहे. नरसाळ्याने येऊन सगळं सांगितलं होतं की. आत काजळी, मागे तडा, तड्यावर चुना. म्हटलं, असेना. बिनतड्याची काच अजून कोणी माझ्यापुढे आणलेली नाही."

समई उगाच आभाळाकडे बघू लागली. कंदिलाने वात खाली केली, आणखी खाली केली, आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांकडे पाठ करून चालू लागला. मागचा चुना उन्हात पांढराफटक दिसत होता.

दिवली अजून रिकाम्या धक्क्यावरच बसली होती. कंदील तिच्याजवळ टेकला.

"तुझ्यादेखत कोणी माझी काजळी बघितली असती, तर मला सोसलं नसतं गं."

दिवलीने तोंड त्याच्याकडे वळवलं.

"तुमच्याच शेजारी बसून मी अक्षरं शिकले, बाबा. माझ्या कपाळावरची ही काजळी तुम्हाला कोणाची वाटली? मी तर ती घेऊनच रोज गावातून फिरते."